उगाच जाऊन येते

वाचकाचं पत्र

ताई, मी बेचाळीस वर्षांची आहे. डोंबिवली पूर्वेला वन बीएचकेत आम्ही पाच जण राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. लग्नाआधीपासून मी फोर्टला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अकाउंट्स बघत होते. २०१४ ला, मुलगी लहान म्हणून, 'दोन वर्षांसाठी' नोकरी सोडली.

मिस्टर चांगले आहेत. व्यसन नाही, आवाज चढवत नाहीत, घरात काही कमी पडू देत नाहीत. तरी मला हल्ली सारखा राग येतो. कशाचा, ते सांगता येत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी पोळ्या करत होते. हॉलमधून आवाज आला, "अगं, एक गरम टाक." मी गॅस बंद केला, पर्स घेतली आणि खाली उतरले. चालत स्टेशनला गेले, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि बाकावर दीड तास बसून राहिले. येताना कोथिंबिरीची जुडी घेतली, म्हणजे कुठे गेले होते ते सांगता येईल. घरी कोणी विचारलंच नाही. मुलगी म्हणाली, "आई, दही लावलंस का?"

रात्री तीनला जाग येते ती येतेच. बहीण म्हणते, तुला सुख टोचतंय, एखादा छंद लावून घे. मी पुन्हा नोकरी करावी का? की माझंच काही बिघडलंय?

ता. क. हे छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मुलगी आमच्याच खोलीत झोपते. दीड वर्ष झालं, आमच्यात काही नाही. मिस्टर पाठ टेकली की झोपतात. मला मात्र वाटतं, आणि वाटतं याचीच लाज वाटते. या वयात.

एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी अडले ती कोथिंबिरीच्या जुडीपाशी. ज्या बाईने ऑफिसात कस्टम ड्युटीची चलनं आणि पार्ट्यांची येणी पैशापैशापर्यंत जुळवली, तिला स्वतःच्या दीड तासाचा हिशेब जुळवायला भाजीवालीकडे जावं लागलं. आणि तो हिशेब कोणी मागितलाही नव्हता.

जरा आठवून बघा, गेल्या सहा महिन्यांत तुम्ही घराबाहेर कधी कधी पडलात. दळण आणायला. मुलीला क्लासला सोडायला. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला. पालकसभेला, बँकेत, कोणाच्या तरी हळदीकुंकवाला. गणपतीच्या देवळात गेलात तरी येताना फडके रोडवरून घरासाठी काहीतरी घेऊनच आला असाल. प्रत्येक फेरीला कारण आहे आणि ते कारण घराचं आहे. आता मिस्टरांचं आठवा. जेवण झालं की ते चपला सरकवतात, 'जरा खाली जाऊन येतो' म्हणतात आणि उतरतात. खाली म्हणजे कुठे, कशाला, कोणाबरोबर, हे तुम्ही कधी विचारलंत? कोणीच विचारत नाही. पुरुषाला उगाच जाता येतं. बाईला तसं जायला कोणी बंदी घातलेली असते असं नाही, पण निमित्त हातात असल्याशिवाय तिचं पाऊलच उंबऱ्याबाहेर पडत नाही.

तुमचा राग तिथला आहे असं मला वाटतं. पोळीचा नाही. 'एक गरम टाक' यात वाईट काय आहे? इतकी वर्षं तुम्हीच कौतुकाने गरम वाढत आलात. पण त्या रविवारी तुमच्या लक्षात आलं की तुमच्या दिवसातला कुठलाही मिनिट कोणीही, जागचं न उठता, हॉलमधून मागून घेऊ शकतं. असा एकही मिनिट नाही ज्याला 'हा माझा' म्हणता येईल. नवरा सज्जन असला की हे दुखणं बोलायला आणखी अवघड जातं. मारत नाही, पीत नाही, मग बाई, तुझं रडगाणं कशाचं? आपल्याकडे नवऱ्याला पास करायचे मार्क फार थोडे आहेत. तेवढे मिळाले की बायकोने पेपर परत तपासायला मागू नये अशी अपेक्षा असते.

बहिणीचं बोलणं मनावर घेऊ नका. छंदाला माझा विरोध नाही, पण तुम्ही उद्या वारली चित्रांचा क्लास लावलात तर तो दुपारी दोन ते चार, सगळं आवरून, आणि शेवटी हॉलच्या भिंतीला काहीतरी लावायचं म्हणून. निमित्त पुन्हा आलंच.

पुढे जाण्याआधी एक सरळ विचारते. त्या बाकावर बसून गाड्या बघताना जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुधा आलं नसेल. पण आलं असेल, किंवा पुढे कधी आलं, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि घरात एका माणसाला, बहिणीला का होईना, हे त्याच शब्दांत सांगायचं. 'बरं वाटत नाही' असं मोघम नाही.

आता मला पडलेला दुसरा प्रश्न. स्टेशनच का? डोंबिवलीत बसायला बाग आहे, देऊळ आहे, हल्ली कॉफीची दुकानंही झाली. तुमचे पाय मात्र आपसूक स्टेशनकडे वळले. मला वाटतं, घर आणि ऑफिस या दोन्हींच्या मधली ती एकच जागा तुमची स्वतःची होती. डोंबिवलीच्या बाईला लोकलचे हाल मी सांगायला नकोत. सीटसाठी डाउन गाडी पकडून कल्याणपर्यंत उलटं जायचं, चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी हवेत, चढल्या चढल्या 'कुठे उतरणार?', दारातल्या बायकांची रोजची हमरीतुमरी. पण त्याच डब्यात मटार सोलले जातात, भिशीचे पैसे मोजले जातात, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या ऑपरेशनचं सगळं बोलून होतं. पश्चिम रेल्वेने १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली, त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही कल्याणसाठी ती सुरू झाली. रेल्वेच्या लेखी ती गर्दीची सोय होती. बायकांनी तिचं माहेर केलं.

तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा घरात पगाराचा हिशेब नक्की झाला असेल. पाळणाघराचे एवढे, पासाचे एवढे, म्हणजे हातात उरतात किती, मग कशाला हा आटापिटा? त्या हिशेबात ही गाडी कोणी धरली नाही. जातानाचा तास-सव्वा तास आणि येतानाचा तेवढाच. त्या वेळात 'आज भाजी काय करू?' हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नव्हतं आणि तुम्हीही कोणाला विचारत नव्हतात. तुमच्या ग्रुपमधल्या एखादीचा नंबर अजून असेलच. तिला फोन करा. बायका दहा-दहा वर्षांनी भेटतात आणि मागच्या स्टेशनावर सोडलेलं वाक्य पुढे चालू करतात.

भाजीचा प्रश्न मी मुद्दाम काढला. स्वयंपाकाचा कंटाळा येणाऱ्या बायका मला थोड्या भेटल्या. काय करायचं हे रोज ठरवण्याचा कंटाळा आलेल्या मात्र खंडीभर. मुलाला भेंडी चालत नाही, सासूबाईंना गुरुवारी कांदा-लसूण नको, मिस्टरांच्या डब्यात रस्सा सांडतो म्हणून कोरडी हवी. वाटाणे आज भिजवले तर उद्या. उद्या मुलीची पीटी, म्हणजे पांढरे बूट आजच. दूधवाल्याला शनिवारी एक पिशवी जास्त, सिलिंडरचा नंबर लावायचा राहिलाय, आणि दही. घरातला प्रत्येक जण तुम्हाला 'मदत' करायला तयार असेल. 'मला सांग ना, मी करतो' हे वाक्य तुमच्या घरात नक्की ऐकू येत असणार. पण सांगणं हेच निम्मं काम आहे आणि ते तुमच्याकडेच राहतं.

म्हणून काम द्यायचं तर ते आठवणीसकट द्या. दही लावणं मुलीकडे, कायमचं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला दूध कोमट आहे की नाही हे बोटाला कळतं. ती विसरली तर दुसऱ्या दिवशी घरात दही नसेल. तुम्ही रात्री साडेअकराला उठून गुपचूप लावायचं नाही, हा भाग तुम्हाला जड जाईल. रविवार सकाळ मिस्टरांकडे, आणि ती 'कांदा चिरून देतो' अशी नव्हे. काय करायचं, त्यासाठी काय आणायचं, कोणाला काय चालत नाही, ओटा पुसून गॅसचा नॉब बंद करेपर्यंत सगळं त्यांचं. पहिले काही रविवार मिसळपाव येईल. येऊ दे. मुलगा दहावीत आहे म्हणून त्याच्या हातात पाण्याचा पेला नेऊन देत असाल तर तेही आजपासून बंद. अंथरुणं काढायला बोर्डाची परीक्षा आड येत नाही.

आणि डोंबिवलीत राहून रोज दोन्ही वेळच्या पोळ्या लाटायच्या? ज्या गावात गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्र आहे तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी पोळ्या बाहेरून आणल्या म्हणून कोणाचं कुळ बुडत नाही. सासूबाईंना त्या जाड वाटतील. वाटू देत. केंद्रात त्या पोळ्या लाटणारीही बाईच असते, फरक एवढाच की तिथे पोळीला दर असतो.

दराचं निघालंच आहे तर थोडे आकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांची ९७. हे फक्त करणाऱ्यांचं. मुळात अशा कामाला हात लावणाऱ्या बायका १०० त ८१ होत्या आणि पुरुष २६. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली होती. पुरुषांचीही कमी होऊन ८८ झाली, म्हणजे बायकांची वाचलेली दहा मिनिटं त्यांनी उचललेली दिसत नाहीत. एका अपघाताच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये २०१९ च्या याच आकड्यांचा दाखला दिला आणि गृहिणीच्या कामाची किंमत धरून भरपाई ठरवली पाहिजे असं म्हटलं. न्यायालयाने योग्यच केलं. पण बाईच्या कामाचा रुपयांत हिशेब व्हायला तिला आधी ट्रकखाली यावं लागतं, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुमच्यापुरता तो जिवंतपणीच करा. मिस्टर घरखर्चाला पैसे देतात त्यातून तुम्ही भिशी भरत असाल, डाळीच्या डब्यात थोडे ठेवत असाल. ते चोरून वाचवलेले पैसे झाले. त्यांना सांगा की दर महिन्याला एक ठरलेली रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात आपोआप जमा व्हावी. हजार असो की पाच हजार, आकडा तुम्ही दोघं ठरवा, फक्त त्याचा हिशेब कोणी मागायचा नाही. त्यातली काही पीपीएफमध्ये टाका. वर्षाला किमान ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षांची. अकाउंट्सवाल्या बाईला यापुढचं मी शिकवणं बरं नव्हे.

हे सगळं मिस्टरांना सांगायचं कसं, यावर तुमचं घोडं अडेल. ते घरी येतात तेव्हा नको. सकाळी गाडी गाठून, दिवसभर मान मोडून, कुर्ल्या-ठाण्याला माणसांच्या लोंढ्यात चेपून आलेला माणूस दारात उभा असतो, त्याच्यात ऐकायला काही उरलेलं नसतं. अंथरुणावरही नको, शेजारी मुलगी आहे. वन बीएचकेत धड भांडायलासुद्धा जागा नसते. जेवणानंतर ते खाली जातात ना, तेव्हा तुम्हीही चपला घाला. 'मीपण येते.' ओटा तसाच राहू दे. चालता चालता माणूस बरं ऐकतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल.

आणि सुरुवात तक्रारीने करू नका, त्या रविवारने करा. "त्या दिवशी मी कोथिंबीर आणायला गेले नव्हते. स्टेशनवर दीड तास बसले होते." एवढंच सांगून थांबा. माझा अंदाज आहे की ते घाबरतील. घाबरू देत, समजूत काढायची घाई करू नका. मग म्हणा, "मला आठवड्यातून एक संध्याकाळ हवी आहे. मी कुठे जाते ते विचारायचं नाही. मीही ठरवलेलं नसेल." वार पक्का करा. बुधवार म्हटला की दर बुधवार, 'जमेल तसं' नाही. जमेल तसं म्हणजे कधीच नाही, हे तुम्ही २०१४ च्या त्या दोन वर्षांवरून जाणताच. त्या संध्याकाळी परतताना हातात पिशवी नको, मेथी दहा रुपयांना दोन जुड्या असली तरी नको.

सासूबाईंना मिस्टरांमार्फत निरोप पाठवू नका, स्वतः सांगा. त्या 'कुठे चाललीस?' म्हणून विचारतील, त्यात दरवेळी पहारा नसतो. दिवसभर हॉलमध्ये बसलेल्या बाईला बोलायला तेवढाच धागा असतो. 'उगाच जाऊन येते' म्हणायचं आणि चपला घालायच्या. पहिल्यांदा त्यांना ते उर्मट वाटेल, दुसऱ्यांदा कमी. त्या स्वतः सून होत्या तेव्हा कधी उगाच बाहेर पडल्या होत्या का, हे एखाद्या दुपारी चहा पिताना सहज विचारून बघा. उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही, पण ती दुपार फुकट जाणार नाही. मी त्यांना खलनायिका करणार नाही. पत्रात त्यांच्याबद्दल वाकडा शब्द नाही आणि ते मी तुमच्या बाजूने धरते.

आता ता. क. तो छापावा की नाही हे तुम्ही माझ्यावर सोडलंत. मी छापते आहे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या असल्याच खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला, तरी १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. मराठीतल्या प्रश्नोत्तरांच्या सदराने ही किंमत नव्वद वर्षांपूर्वी मोजून ठेवली आहे. मी आज लाजून तुमच्या चार ओळी गाळल्या तर ते बरं दिसायचं नाही.

तुम्हाला वाटतं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'या वयात' हे कोणतं वय? बेचाळीस. याच वयाच्या पुरुषाने हे लिहिलं असतं तर त्याने 'या वयात' लिहिलं नसतं. बायकांची बहुतेक पत्रं मला उलटी येतात: त्याला हवं असतं, मला नको असतं. तुमच्यासारखं लिहिणाऱ्या थोड्या. अशा बायका थोड्या आहेत असं मात्र मी मानत नाही, लिहायचं धाडस करणाऱ्या थोड्या आहेत. इथेही तेच निमित्त आडवं येतं. मूल हवं होतं तोवर जवळ येण्याला कारण होतं. दोन मुलं झाली, कारण संपलं, मग नुसतं हवंसं वाटणं बाईने कोणत्या खात्यात मांडायचं?

पण यातलं निम्मं दुखणं मनाचं नाही, जागेचं आहे. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली. तिने आईबापांच्या खोलीत झोपू नये हे तिच्यासाठीही बरं. हॉलमध्ये आजीच्या दिवाणाशेजारी तिची गादी घाला. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाचा दिवा स्वयंपाकघरात हलवा, नाही तर आसपासच्या अभ्यासिकेत त्याची जागा लावा. दोन-चार दिवस कुरकुर होईल, कारण विचारलं जाईल. 'ती आता मोठी झाली' एवढं पुरे. आणि आतून कडी लावायची. आवाज झाला तर होऊ दे.

तेवढंही जमत नसेल तर मिस्टरांनी मधल्या वारी एखादी सुट्टी टाकावी. मुलं शाळेत, सासूबाई त्यांच्या बहिणीकडे किंवा भजनाला. सुट्टी टाकायला लग्न, मुंज, नाही तर ताप लागतोच असा कुठे नियम आहे? नेरळ तुमच्याच लाइनवर आहे आणि तिथून वर माथेरान. नवराबायकोने एक रात्र तिथे राहायला जायचं, मुलांना न घेता. नातेवाईक 'काय विशेष?' विचारतील. 'काही विशेष नाही' हे उत्तर आहे.

ते पाठ टेकली की झोपतात, त्याचा अर्थ तुम्ही नकोशा झालात असा लावू नका, निदान त्यांना विचारल्याशिवाय. रोजचे तीन तास प्रवासात जाणाऱ्या माणसाला झोप आधी गाठते. दुसरंही एक आहे, जे पुरुष तोंडाने सांगत नाहीत. मधुमेह आणि रक्तदाब यांनी, कधी कधी त्यांच्या औषधांनीही, इच्छेवर आणि शरीराच्या प्रतिसादावर परिणाम होतो. एक-दोनदा जमलं नाही की पुरुष झोपेचं सोंग आणायला शिकतो. साखर आणि बीपी शेवटचं कधी तपासलं ते बघा. अंधारात हात पुढे करायला तुम्हीच सुरुवात केलीत तर आभाळ कोसळणार नाही. दीड वर्षात त्यांनाही वाटत असेल की तुम्हाला नको आहे.

तुमची तपासणी वेगळी. रात्री तीनला जाग, विनाकारण राग, हे पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत बऱ्याच जणींना होतं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, तेव्हा बेचाळिशीत याची सुरुवात झाली तर नवल नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. गोळी लागली तर घ्या. फक्त उद्या घरात कोणी 'तिचं हार्मोन्सचं आहे' म्हणून सगळ्याच गोष्टी त्या गोळीवर ढकलायला लागलं, तर तसं होऊ देऊ नका. गोळीने झोप येईल. दही लावायचं कोणी, हे गोळी ठरवत नाही.

राहिली नोकरी. करा, पण पुन्हा फोर्टला धावायचं का याचा विचार करा. सीएसएमटी डोंबिवलीहून सुमारे ४८ किलोमीटर आहे आणि तुम्ही होतात त्यापेक्षा गर्दी आता आणखी वाढली आहे. आधी गावातच बघा. डोंबिवलीत सीएंची ऑफिसं जागोजागी आहेत आणि हिशेबाला पक्की, सुट्ट्यांचा घोळ न घालणारी बाई त्यांना हवीच असते. तुम्ही काम सोडलंत तेव्हा व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स होता. जुलै २०१७ पासून जीएसटी आला, ते शिकावं लागेल. जिने कस्टमचे कागद हाताळले तिला ते काही आठवड्यांत जमावं. अर्धा दिवस मागा, साडेदहा ते अडीच. मुलाची परीक्षा संपू दे म्हणून थांबू नका, दहावीनंतर अकरावीची अॅडमिशन येते आणि तिच्यामागून बारावी. पगार रोख घेऊ नका, खात्यात मागा, त्याच खात्यात.

दर महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला, जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशी, अशा ऑफिसांत संध्याकाळ होते. त्या दोन दिवसांची भाजी आत्ताच मिस्टरांच्या वाटणीला घालून ठेवा.